एका सीमेवरचे तीन कायदे

जालन्याहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या वाटसरूस जिल्ह्याची सीमा केव्हां ओलांडली हें कळतही नाहीं. काळी माती तीच, ज्वारी तीच, बोलीही तीच. श्रोत्यांस नवल वाटेल, परंतु तेथें कूळ-कायदा मात्र पालटतो. जालन्याच्या कुळास हैदराबादचा १९५० चा कायदा लागू आहे. पूर्वेस बुलढाण्यांत विदर्भाचा १९५८ चा, आणि उत्तरेस जळगांवांत मुंबईचा १९४८ चा. राज्य एकच, कायदे तीन!

याचें मूळ इतिहासांत आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यांत होतें. तेथील न्यायांत अनेक परंपरा एकत्र आल्या होत्या. एकाच गांवांत हिंदु शेतकऱ्याचा वारसा मिताक्षरेच्या आधारें ठरे, तर त्याच्या मुसलमान शेजाऱ्याचा शरीयतीप्रमाणें. फौजदारी न्याय मूळचा इस्लामी. पुढें ब्रिटिश हिंदुस्थानांतील कायद्यांच्या नमुन्यावर तेथेंही नवे कायदे झाले. जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीची. कोर्टाची भाषा उर्दू, आणि कागदावरचें साल फसली.

अशा मिश्रणास नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु प्रत्येकाच्या घरचा व्यवहार त्याच्या रूढीप्रमाणें चालूं देण्यांत शहाणपणही होतें. खरी अडचण निराळीच होती. ज्याच्या शेताचा निकाल लागे, त्या मराठी शेतकऱ्यास तो निकाल बहुधा वाचतांच येत नसे.

१९५१ सालीं भारतीय दंडसंहितेसारखे कायदे येथें लागू झाले. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत; १९८१ मध्यें जालना स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही कूळ-कायदा जुनाच राहिला. त्याच कायद्यान्वयें कित्येक कुळें ‘संरक्षित’ ठरलीं, कित्येक जमिनीचीं मालक झालीं. एका कायद्यानें दिलेला हक्क दुसऱ्याच्या शब्दांत बसवितांना कोणाचें तरी शेत हातचें जावयाचें, हें भय खोटें नव्हे.

इनामी जमिनीच्या वादांत अजूनही निजामकाळचा मुंतखब, म्हणजे इनामाच्या चौकशीअंतीं दिलेला उर्दू दाखला, न्यायाधीशापुढें येतो. आजोबांच्या नांवचा तो कागद नातू पेटींत जपून ठेवतो. पण वाचून घेण्यासाठीं त्यास जाणकार शोधीत फिरावें लागतें. म्हणून तीन कायद्यांचा एक कायदा करण्याची चर्चा अवश्य व्हावी. मात्र तत्पूर्वी असे कागद विश्वासू हातांनीं मराठींत उतरविले जावेत. हक्क कोणता आहे हें ठाऊक झाल्यावांचून तो राखणार कसा?