शाळेची सभा, गावाचा प्रश्न

(वडोदरा येथे अभ्यासदौऱ्यावर आलेले ग्रामपंचायत सदस्य, पालक व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषण)



आपण आज ज्या नगरीत जमलो आहोत, तेथे १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक म्हणून आला. त्याचे रीतसर शिक्षण येथेच सुरू झाले. तेच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाले. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानासाठी तसा कायदा केला. तेरा वर्षे थोडक्या गावांचा अनुभव घेऊन मग राज्यभर पाऊल टाकावे, हा धीर आजही विरळाच.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात याच विषयाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या समोर होते. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. तथापि आपल्या लक्षात राहावे असे त्यात एक कलम होते. सक्ती लागू करण्यासंबंधी पुढाकार घेण्याचे काम गोखल्यांनी स्थानिक संस्थांकडे सोपविले होते.

बडोद्याच्या कायद्यात मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होता. दंड भरूनही मुले घरी ठेवणारी कुटुंबे निघालीच. त्यांना विद्येचे वावडे होते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. गुरे कोणी राखावीत, धाकटे भावंड कोणी सांभाळावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न. दंडाच्या पावतीवर तो लिहिण्यास जागा नसते. तो सभेतच मांडावा लागतो.

अशी सभा आता कायद्याने दिली आहे. २००९ चा बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करावयाचा आहे.

प्रत्यक्षात काय घडते, ते आपण जाणताच. इतिवृत्त आधी लिहून तयार असते, सह्यांची वही घरोघर फिरते. गुरुजींना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्यांच्यामागे माहितीचे तक्ते भरण्याचा तगादा असतो. पण एका गावी मी स्वतः बसलो होतो, त्या सभेत चहा येईपर्यंत एकही स्त्री बोलली नाही. उठता उठता एक माउली म्हणाली, ‘‘ओढ्याला पाणी असतं तोवर माझी पोरगी घरीच असते.’’ हजेरीपटावर त्या मुलीपुढे नुसत्या फुल्या होत्या. कारण प्रथमच कानी आले.

ओढ्यावर साकव बांधणे शाळेच्या हाती नाही, हे खरे. परंतु समितीचा ठराव ग्रामसभेपुढे गेला, की ग्रामपंचायतीला त्याचे उत्तर द्यावे लागते. त्या दिवशी तो ठराव तेथेच लिहिला गेला. सह्यांत पहिला अंगठा त्या माउलीचा होता.

दुपारच्या सत्रात प्रत्येकास एक कोरा कागद मिळेल. आपल्या शाळेत सतत गैरहजर असणारे एक मूल आठवून त्याचे कारण त्यावर लिहावे. कारण ठाऊक नसेल, तर कागद कोराच परत द्यावा. संकोच करू नये.