‘आवारा मसीहा’ : एका चरित्राची चौदा वर्षे





पंडित नाथूराम प्रेमी हे नाव ‘जैन साहित्य और इतिहास’ या ग्रंथामुळे समाजाला सुपरिचित आहे. मुंबईतील त्यांच्या ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ने बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे साहित्य हिंदीत आणले. त्याच मालेत शरदबाबूंचे प्रामाणिक चरित्रही असावे, ही प्रेमीजींची इच्छा. यशपाल जैन यांच्याशी त्यांची चर्चा झाली आणि १९५९ साली हे कार्य विष्णु प्रभाकर यांनी हाती घेतले.

कार्य सोपे नव्हते. शरदबाबू स्वतःविषयी फारसे बोलत नसत, आणि बोललेच तर कल्पनेची भर घालीत. त्यातून व्यसनी, दुराचारी असे प्रवाद पसरले. दुसरीकडे भाविक वाचक ‘श्रीकांत’ ही कादंबरीच त्यांचे आत्मचरित्र मानू लागले. विष्णुजींनी दोहोंपैकी एकावरही विसंबून लेखन केले नाही. खतावणीतील रक्कम मूळ पावतीशी ताडून पाहावी, तसे ते भागलपूर, बंगाल आणि थेट ब्रह्मदेशापर्यंत हिंडले. शरदबाबूंना पाहिलेल्या माणसांना भेटले.

त्यातून काय हाती आले? ‘श्रीकांत’मधील निर्भय इंद्रनाथामागे भागलपूरचा राजू हा बालमित्र दिसला. कथा अर्धवट टाकणारे वडील मोतीलाल आणि घरातील दारिद्र्य दिसले. रंगूनमध्ये प्लेगने पत्नी व तान्हे मूल हिरावलेला एक कारकून दिसला. १९१२ साली त्याच रंगूनमध्ये घराला आग लागली आणि ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित जळाले, ती कादंबरी त्यांनी पुन्हा लिहिली. पतिता ठरविलेल्या स्त्रियांविषयीची शरदबाबूंची करुणा कोठून आली, हे या तपशिलांतून उमगते. टीकाकाराच्या शंभर पानांनी ते साधले नसते.

चरित्रनायकाचे दोष विष्णुजींनी झाकले नाहीत, चघळलेही नाहीत. ‘दिशाहारा’, ‘दिशा की खोज’ आणि ‘दिशान्त’ या तीन पर्वांत वाट चुकलेला मुलगा लेखक होत जातो, आणि कादंबरीतील पात्रे त्याच्या आयुष्यातून ये-जा करीत राहतात. कोठे जीवन संपले व कोठे साहित्य सुरू झाले, हे मात्र चरित्रकार विसरत नाही.

ग्रंथ १९७४ साली दिल्लीच्या ‘राजपाल अँड सन्स’कडून प्रकाशित झाला. प्रेमीजी १९६० सालीच निवर्तले होते.