देहूरोडची मूर्ती आणि पंचशीलाचा करार

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती आज मी मोडणार आहे, कारण एक तक्रार बरीच वर्षे मनात आहे आणि ती मांडायला देहूरोडहून योग्य गाव नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर मराठीत उदंड लिहिले गेले. राज्यघटना, जातिव्यवस्था, धम्म यांवर कपाटे भरतील एवढी पुस्तके आहेत. मात्र राष्ट्राराष्ट्रांतल्या नीतीविषयी ते जे बोलले, त्याकडे आपण जवळजवळ पाठच फिरवली.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथे, देहूरोडला, बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली. त्याच महिन्यात ते तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. ही तारीख इथल्या मुलालाही पाठ आहे. पण त्याआधी चारच महिने, २६ ऑगस्टला, त्यांनी राज्यसभेत पंचशीलावर कडाडून टीका केली होती, हे किती जणांना माहीत आहे? तिबेटविषयीचा भारत-चीन करार २९ एप्रिलचा. पंचशील, म्हणजे दोन राष्ट्रांनी एकमेकांशी वागण्याची पाच तत्त्वे, त्याच्या प्रस्तावनेतच होते. बाबासाहेबांचा मुद्दा असा, की माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता, तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या सीमेला येऊन भिडली, हेही त्यांनी बजावले. १९६२चे चीनशी युद्ध तेव्हा आठ वर्षे दूर होते.

यावर काही अभ्यासक म्हणतात, बाबासाहेब परराष्ट्र धोरणात निव्वळ व्यवहारवादी होते, धम्म हा त्यांचा वेगळा कप्पा. मंत्रिपद सोडताना १९५१च्या निवेदनात त्यांनी व्यवहारवादी जर्मन मुत्सद्दी बिस्मार्कचा आधार घेतला होता आणि ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, हा परराष्ट्र धोरणाचाच परिणाम असल्याचे सांगितले होते, हे खरे. तरीही ही कप्प्यांची मांडणी मला साफ अमान्य आहे. नुसत्या व्यवहारवाद्याने माओंचे सैन्य मोजले असते. बाबासाहेबांनी त्यांचे घरातले वर्तन तपासले. सत्ता आपल्या हाताखालच्या दुबळ्यांशी कशी वागते, यावरून तिच्या शब्दाची किंमत ठरवायची, ही नैतिक कसोटी आहे. करारातल्या पाच तत्त्वांपैकी एक होते परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे. म्हणजे जो प्रश्न विचारायला हवा होता, त्याचे दार करारानेच लावून घेतले होते.

मग राष्ट्रे बौद्ध झाली की प्रश्न सुटेल का? नाही, आणि हे देहूरोडला स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, मूर्ती आली, तिथल्याच लष्कराच्या कारवाईमुळे २०१७मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम बांगलादेशात पळाले आणि त्यांच्याविरुद्धचा द्वेष पसरवण्यात काही भिक्खूही पुढे होते. बाबासाहेबांच्या कसोटीवर ही सत्ता नापास होते, तिथे कितीही पॅगोडे असोत. ती कसोटी आपल्या देशालाही तितकीच लागू आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुर्बलांना करारांशिवाय आधार कोणता? आधार करारांचाच, पण दाद मागता येईल अशा करारांचा. १९४८च्या वंशसंहारविरोधी करारामुळे गाम्बियासारखा छोटा देश म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचू शकला आणि जानेवारी २०२०मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. आदेशाने सगळे वाचले नाहीत, पण म्यानमारला जगापुढे जाब द्यावा लागला. पंचशीलात तिबेटी माणसाला अशी कोणतीच जागा नव्हती.

देहूरोडला विहार आहे, तसा दारूगोळ्याचा डेपो आणि आयुध निर्माणीही आहे. शस्त्र केव्हा आणि कोणासाठी, हा प्रश्न या गावाच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. तो मराठीत नीट मांडला गेला पाहिजे. त्यासाठी बाबासाहेबांच्या या भाषणांची सटीप मराठी आवृत्ती हवी, महाविद्यालयांत ती शिकवली जायला हवी. तपशील आपण मिळून ठरवू. तोवर येत्या २५ डिसेंबरला विहारात जमणाऱ्या लोकांसमोर २६ ऑगस्टच्या त्या भाषणाचे मराठीतून जाहीर वाचन करावे, अशी संयोजकांना माझी आग्रहाची विनंती आहे.