उसाचा अंदाज आणि आपला हिशेब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संगणकाविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मोबाइलच्या रूपाने संगणक आता घरोघरी पोहोचला आहे, तेव्हा त्याचे गुणगान करण्यात अर्थ नाही. त्यावर करावयाच्या एकाच हिशेबाविषयी मी बोलणार आहे. साखर कारखान्यात येत्या हंगामात किती साखर निघेल, हा तो हिशेब. कन्नड तालुक्यातील ऊस उत्पादकाचे, ट्रॅक्टरवाल्याचे आणि तांड्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे वर्ष या हिशेबावर अवलंबून असते.

स्प्रेडशीट म्हणजे ओळी आणि रकाने आखलेली आपली जुनी खतावणीच होय. फरक इतकाच की, तिच्यात एक आकडा बदलला की त्याच्यावर आधारलेले सर्व आकडे आपोआप बदलतात. 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकन तरुणांचे 'व्हिसिकॅल्क' बाजारात आले. 'एक्सेल' 1985 साली आले. हिशेबाची रीत मात्र फार जुनी आहे. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी, हे बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने नवव्या शतकात ग्रंथात मांडले आणि 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्याकडे 5,000 हेक्टर उसाची नोंद आहे. पैकी आडसाली 400, पूर्वहंगामी 1,200, सुरू 1,000 आणि खोडवा 2,400 हेक्टर. हेक्टरी उतारा अनुक्रमे 120, 100, 80 आणि 65 टन धरू. घाईचा कारकून चारही उताऱ्यांची सरासरी काढील, ती 91.25 टन येते. तिला 5,000 ने गुणले की ऊस झाला 4,56,250 टन. परंतु प्रत्येक प्रकाराचे क्षेत्र त्याच्या स्वतःच्या उताऱ्याने गुणून बेरीज करा. ती 4,04,000 टनच भरते! क्षेत्र निम्म्याच्या आसपास खोडव्याचे, आणि त्याचाच उतारा सर्वांत कमी. 52,250 टनांचा ऊस कागदावर उगवला, शेतात नाही.

बेणे, चारा आणि गुऱ्हाळे यांसाठी दहा टक्के वजा केले, तर 3,63,600 टन गाळपाला राहतो. बंद पडण्याचा वेळ वगळून रोज 2,250 टन गाळप झाले, तर हंगाम सुमारे 162 दिवस चालेल. साखर उतारा दहा टक्के धरला, तर टनामागे एक क्विंटल साखर, म्हणजे 3,63,600 क्विंटल. कारकुनाच्या चुकीच्या सरासरीने हाच हंगाम तीन आठवडे लांबला असता. त्या भरवशावर मुकादमाने जास्त टोळ्या आणल्या, मजुरांनी उचल घेतली आणि ऊस लवकर संपला, तर उचल फिटत नाही. ते कर्ज पुढच्या वर्षीच्या कोयत्यावर चढते. आकड्याची चूक कचेरीत होते आणि तिची फेड तांड्यावर होते.

अशा चुका मोठ्या प्रमाणावरही झाल्या आहेत. 2021-22 च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे 112 लाख टन साखरेचा अंदाज होता. निघाली सुमारे 137 लाख टन. ऊस अंदाजापेक्षा जास्त निघाला आणि मराठवाड्यात तो मे-जूनपर्यंत शेतात वाळत उभा राहिला. बीड जिल्ह्यात एका शेतकऱ्याने उभा ऊस पेटवून दिला आणि आपले जीवन संपवले. पुढल्या वर्षी अंदाज सुमारे 138 लाख टनांचा केला, तर हाती आली सुमारे 105 लाख टन. लांबलेला पाऊस आणि खोडव्याचे वाढलेले प्रमाण यांनी उतारा खाली आणला. 2023 चा ऑगस्ट कोरडा गेला म्हणून 2023-24 साठी 90 लाख टनांच्या आतला अंदाज धरला गेला. देशभरात साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. मध्यंतरी अवकाळी पावसाने उसाला जीवदान मिळाले होते. राज्यात साखर निघाली सुमारे 110 लाख टन.

यावरून अंदाज बांधूच नयेत, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. अंदाजाशिवाय कारखाना ना टोळ्या ठरवू शकतो, ना बारदाना, ना कर्ज. अंदाज कसा बांधावा, एवढेच आपण शिकले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, उतारा बांधावरून नजरेने ठरवू नका. ठरावीक मापाचा तुकडा तोडून वजन करा. दुसरी, एकच आकडा देऊ नका; पाऊस कमी, बरा आणि चांगला असे तीन रकाने करा. आपल्या उदाहरणात खोडवा 65 ऐवजी 50 टनच उतरला, तर हंगाम 147 दिवसांवर येतो. मुकादमाशी करार करण्यापूर्वी हे ठाऊक असले पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. चुकलेला अंदाज खोडू नका. त्याच्या शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष उत्पादन लिहा आणि त्यापुढे चुकीचे कारण लिहा. पाच वर्षांच्या अशा नोंदी कोणत्याही विकतच्या प्रोग्रामपेक्षा मोलाच्या ठरतील.

संगणक बेरीज चुकत नाही. पण खोटा आकडा भरला तर तो त्याचीही बिनचूक बेरीज करून देतो. क्षेत्राची नोंद करणारा मुलगा शेतात गेला की चहाच्या टपरीवर बसून रकाना भरला, हे यंत्राला कळत नाही. आपल्या घरांत 'अमानत' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेला पैसा जशी अमानत, तसाच दुसऱ्याच्या शेताचा आकडाही अमानत आहे. या संस्थेतून शिकून बाहेर पडणारी मुले-मुली उद्या कारखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत बसतील. त्यांच्या हातचा रकाना खरा असावा, एवढीच माझी दुआ आहे.