तलंग अंड्यावर येण्याआधी

दोन महिन्यांची झाल्यापासून पहिलं अंडं घालेपर्यंत कोंबडीला आपण तलंग म्हणतो. लवकर अंडी मिळावीत म्हणून काही जण तिला याच वयात लेअर मॅश घालतात. कृपा करून तसं करू नका. त्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडाला बाधतं, आणि ते नुकसान सहसा भरून येत नाही. तिला ग्रोअर मॅशच द्या. दर आठवड्याला दहा-वीस तलंगांचं वजन करा. वजन कमी भरलं, तर रात्री दिवे लावून अंड्याची घाई करू नका. कच्च्या अंगाची तलंग बारीक अंडी घालते, कधी तिचं अंग बाहेर येतं.

मग एक दिवस तुरा लालभडक दिसतो, पाठीवर हात ठेवताच ती पंख पसरून खाली बसते. अंडं जवळ आलंय. लेअर मॅश आता सुरू करा, आठवडाभर जुन्या खाद्यात मिसळत. शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात भाताचं तूस घातलेले खोके मात्र दोन आठवडे आधीच ठेवा. पाच कोंबड्यांना एक पुरतो.