परमुलखांतील हुकूमनामा व इंग्लंडांतील दिवाळें

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे पदरांत पडले, अशी ज्या कोणाची समजूत असेल त्यानें कोर्टांतील एखाद्या जुन्या कारकुनास विचारून पाहावें. खरी खटपट तेथूनच सुरू होते. आणि ऋणको समुद्रापलीकडे जाऊन राहिला असेल तर ती दुणावते. कारण एका राज्यांतील न्यायाधीशाचा हुकूम दुसऱ्या राज्याच्या सीमेपाशीं आपोआप थांबतो. पलीकडे तो केवळ एक कागद असतो.

विजय मल्ल्या यांचें प्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. किंगफिशर विमान कंपनीच्या कर्जास ते स्वतः जामीन होते. कंपनीचीं विमानें २०१२ च्या आक्टोबरांत उडावयाचीं थांबलीं, नोकरवर्गाचे पगार थकले, आणि मार्च २०१६ मध्यें मल्ल्या इंग्लंडांत निघून गेले. जानेवारी २०१७ मध्यें बंगळूर येथील ऋणवसुली न्यायाधिकरणानें स्टेट बँकादि बँकांच्या संघास सुमारें ६,२०३ कोटि रुपये, साडेअकरा टक्के व्याजासह, वसूल करण्यास मोकळीक दिली. परंतु मालमत्ता विलायतेंत असली तर या निकालाचा उपयोग काय? बँकांनीं तो त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लंडनच्या हायकोर्टांत नोंदवून घेतला. नोंद होतांच त्यास इंग्रजी निकालाचें बळ आलें, आणि त्याच्या आधारें २०१८ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला.

तरीही काम सरळ झालें नाहीं. ज्या धनकोपाशीं तारण आहे त्यानें तें सोडावें, किंवा त्याची किंमत ठरवून उरलेल्या रकमेपुरताच अर्ज करावा, असा तेथील नियम आहे. बँकांपाशीं भारतांत तारण होतें. या व इतर मुद्यांवर वर्षें गेलीं. अखेर अर्जांत दुरुस्ती होऊन २६ जुलै २०२१ रोजीं मल्ल्या दिवाळखोर ठरले, आणि त्यांचें अपील एप्रिल २०२५ मध्यें फेटाळलें गेलें.

नोंदणी ही नुसती औपचारिक बाब आहे, असें कोणी म्हणेल. त्यानें एका रशियन कंपनीची हकीकत ऐकावी. तिनें आपल्या माजी संचालकाविरुद्ध रशियांत निकाल मिळविला, आणि इंग्लंडांत त्याची मान्यता न घेतां थेट दिवाळखोरीचा अर्ज केला. खालच्या कोर्टांत हुकूम झालाही. परंतु जानेवारी २०२५ मध्यें अपील कोर्टानें तो रद्द केला. मान्यता न मिळालेला परका निकाल हें अशा अर्जापुरतें ऋणच नव्हे, असें ठरलें. निकालावर दावा लावून इंग्रजी हुकूमनामा मिळवावा, मग अर्ज करावा. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. दिवाळखोरीनें मनुष्याची सारी मालमत्ता त्याच्या हातून जाते, तेव्हां निकाल कोणत्या रीतीनें झाला हें आधीं तपासलें जावें हें न्याय्य होय.

भारतांतही असेंच तारतम्य आहे. १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या १३ व्या कलमान्वयें अधिकार नसलेल्या कोर्टाचा, गुणदोष न पाहतां दिलेला, नैसर्गिक न्यायाविरुद्ध किंवा कपटानें मिळविलेला परका निकाल चालत नाहीं. अमेरिकेंतील निकाल असेल तर त्यावर येथें नवा दावा करावा लागतो, आणि त्यास मुदत तीनच वर्षांची. उलट ब्रिटन व २०२० च्या जानेवारीपासून संयुक्त अरब अमिराती हे परस्पर व्यवहाराचे देश असल्यानें तेथील वरिष्ठ कोर्टांचे पैशाचे हुकूमनामे जिल्हा न्यायालयांत थेट बजावणीस लावतां येतात. दुबईंत कर्ज थकवून गांवीं परतलेल्या मनुष्यानें तेथील कोर्टाचें समन्स हातीं येतांच तें बाजूस न टाकतां वकिलास दाखवावें.