तिकडं किती वाजले?



संकष्टी चतुर्थीच्या दिवशी ज्या घरात उपास असतो, त्या घरात संध्याकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : आज चंद्रोदय किती वाजता? मग कुणीतरी उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघतं. तिथं गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. नागपूरकरांचा उपास मुंबईकरांच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी सुटतो, आमच्या अमरावतीकरांचा वीसेक मिनिटं आधी. चंद्र एकच, राज्य एकच, सगळ्यांची घड्याळंही एकच वेळ दाखवणारी. मग हा फरक कसला?

तीस वर्षं मी महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि प्रमाणवेळेचा धडा दरवर्षी याच उदाहरणानं सुरू केला. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, म्हणजे 360 अंश फिरते. एका तासाला 15 अंश, एका अंशाला चार मिनिटं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सहा अंशांवर आहे. सहा चोक चोवीस. झाला हिशेब. मुलं खूश होत आणि मीही खूश होई. पुढं याच हिशेबानं मला कसं तोंडघशी पाडलं, ते आज सांगणार आहे.

2007 सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. माझा एक विद्यार्थी एम.एस्सी. होऊन अमेरिकेत पीएच.डी.साठी प्रयत्न करत होता. वडील पोस्टात, घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी त्याची फोनवर मुलाखत घ्यायचं कबूल केलं. मंगळवार, 13 मार्च, तिकडचे सकाळचे नऊ. त्याच्या खेड्यात मोबाईलला रेंज धड मिळत नसे, म्हणून त्यानं आमच्या घरच्या लँडलाईनचा नंबर कळवला. मला म्हणाला, "सर, तिकडचे नऊ म्हणजे आपले किती?"

भूगोलाच्या प्राध्यापकाला हा प्रश्न! मी क्षणात सांगितलं, "हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं असतं. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढं करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो. पण ते करतात एप्रिलच्या पहिल्या रविवारी. अजून मार्च आहे. तेव्हा साडेसात. तू सात वाजता ये, चहा घेऊ, शांतपणे बस."

मंगळवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे फिरायला गेलो होतो. बरोबर साडेसहाला घरचा फोन वाजला. आमच्या सौभाग्यवतींनी उचलला. पलीकडचे गृहस्थ भराभर इंग्रजीत बोलत होते. तिनं धीर करून सांगितलं की, तो साडेसातला येणार आहे. ते पुन्हा पुन्हा नऊ वाजल्याचं सांगत राहिले. शेवटी त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. सात वाजता मुलगा आला, नवा शर्ट घालून, हातात नोंदवही. साडेसात वाजले, आठ वाजले, रात्रीचे दहा वाजले. फोन काही पुन्हा वाजला नाही.

झालं होतं असं की, अमेरिकेनं 2005 साली ऊर्जाधोरणाचा एक कायदा केला आणि त्यात घड्याळ पुढं करण्याचा दिवस एप्रिलच्या पहिल्या रविवारवरून मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणला. तो अमलात आला 2007 पासून. म्हणजे 11 मार्चला, मुलाखतीच्या दोनच दिवस आधी, तिथली घड्याळं पुढं सरकली होती. माझी वीस वर्षांची पाठ असलेली माहिती त्या एका रविवारी शिळी झाली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या प्राध्यापकांनी सौजन्यानं ई-मेलला उत्तर दिलं, पण तोवर ती जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली होती. मुलगा मला एका शब्दानंही काही बोलला नाही. पुढचं वर्षभर तो एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. चूक एका तासाची आणि भरपाई वर्षाची.

श्रोतेहो, मी तेव्हापासून या विषयाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू लागलो. चार मिनिटांचा हिशेब निसर्गाचा आहे, तो कधी चुकत नाही. पण घड्याळात किती वाजले, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, सरकारं ठरवतात. आणि माणसांनी ठरवलेलं माणसं बदलतातही.

आपल्याच इतिहासात बघा. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्याची असे. सूर्य डोक्यावर आला की बारा. बैलगाडीच्या काळात त्यानं कुणाचं अडत नव्हतं. आगगाडी आली आणि पंचाईत झाली. ग्रीनिचच्या तुलनेत मुंबईची वेळ 4 तास 51 मिनिटं पुढं, मद्रासची 5 तास 21 मिनिटं, कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटं. मग वेळापत्रक छापायचं कुणाच्या घड्याळानं? रेल्वेनं मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास मुंबई आणि कलकत्त्याच्या साधारण मधे पडे आणि तिथं वेधशाळाही होती. 1884 साली वॉशिंग्टनला पंचवीस देशांची परिषद भरली आणि ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरलं. त्यानंतर बावीस वर्षांनी, 1 जानेवारी 1906 पासून, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आपली भारतीय प्रमाणवेळ बेतली गेली. ग्रीनिचच्या पुढं साडेपाच तास.

मुंबईकरांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांचं घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढं जाणार होतं. बंगल्यात राहणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही, पण गिरणीच्या भोंग्यावर ज्याचा दिवस सुरू होतो, त्याला तेवढं आधी, अंधारात उठावं लागणार. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून वाद झडले. पुढं कित्येक वर्षं मुंबईत 'बॉम्बे टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' अशा दोन वेळा शेजारी शेजारी नांदत होत्या. लग्नपत्रिकेतला मुहूर्त कोणत्या वेळेचा, हे विचारून घ्यावं लागे. बॉम्बे टाइम अखेर सुटला तो 1955 साली, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी.

आणि ईशान्येकडचे लोक तर आजही या कराराची किंमत मोजतात. देशाच्या पश्चिम आणि पूर्व टोकांमध्ये सूर्याच्या हिशेबानं जवळजवळ दोन तासांचं अंतर आहे, पण घड्याळ एकच. तिकडं उजाडतं फार लवकर आणि कचेऱ्या सुटेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडलेला असतो. आसामच्या चहामळ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला आहे. तिथं 'बागान टाइम' चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढं.

आता घड्याळ हंगामानुसार पुढंमागं करण्याची तऱ्हा. आपल्याला ती विचित्र वाटते, कारण आपल्याकडं दिवसाची लांबी फार बदलत नाही. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा आणि आठ तासांच्या आसपास आहेत. तिथं जूनमध्ये घड्याळ बदललं नाही, तर सूर्य पहाटे पावणेचारला उगवेल आणि लोक झोपेत असताना दिवसाचे दोन-तीन तास वाया जातील. लंडनमध्ये घरं बांधणारे विल्यम विलेट नावाचे गृहस्थ होते. सकाळी घोड्यावरून रपेट करताना त्यांना लोकांच्या खिडक्या बंद दिसत. त्यांनी 1907 साली एक पुस्तिका काढून घड्याळ पुढं करण्याची कल्पना मांडली. पार्लमेंटनं ती मानली नाही. विलेट 1915 साली वारले. दुसऱ्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी, आधी जर्मनीनं आणि पाठोपाठ ब्रिटननं हीच कल्पना उचलली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, आपल्या हिंदुस्थानातली घड्याळंही तासभर पुढं होती. आपल्या पुढच्या पिढीला ते ऐकूनही माहीत नसतं.

आज या प्रथेविरुद्ध तिथंच कुरबुर आहे. झोपमोड होते आणि वीजही फारशी वाचत नाही, असं पुष्कळांचं म्हणणं आहे. युरोपीय संसदेनं 2019 साली ही प्रथा बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं, पण सदस्य देशांचं एकमत न झाल्यानं ते तसंच राहिलं. मेक्सिकोनं 2022 साली देशाच्या बहुतेक भागात ती बंद करून टाकली. म्हणजे करार पुन्हा बदलतो आहे, आणि यापुढंही बदलेल.

आता घरोघरी कुणी ना कुणी परदेशात असतं. तेव्हा थोड्या कामाच्या गोष्टी सांगतो. एक, देश विचारू नका, शहर विचारा. अमेरिकेत अनेक प्रमाणवेळा आहेत, आणि ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ हलतच नाही. दोन, नुसती वेळ विचारू नका, तारीखही विचारा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चार तासांवर येतं. परतीचा बदल युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. तीन, ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात. सिडनीचं घड्याळ ऑक्टोबरमध्ये पुढं जातं आणि एप्रिलमध्ये मागं येतं, तर ब्रिस्बेनचं जागचं हलत नाही. दुबईचंही नाही, ते बारा महिने आपल्या दीड तास मागं. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : महत्त्वाची वेळ ठरवताना दोन्हीकडची वेळ लिहून घ्या आणि समोरच्याकडून तपासून घ्या. आता मोबाईल आपोआप हिशेब करतो हे खरं. पण "रोजच्या वेळेला फोन कर" असं आपण म्हणतो, तेव्हा रोजची वेळ तिकडची की इकडची, हे मोबाईलला ठाऊक नसतं.

तो मुलगा पुढच्या वर्षी गेला. दुसरं विद्यापीठ, दुसरे मार्गदर्शक. या वेळी त्यानं मला वेळ विचारली नाही, तिकडच्या कार्यालयालाच विचारून घेतली. मला त्याचं बरं वाटलं, आणि थोडं लागलंही.

आमच्या घरी मात्र एक नवी रीत सुरू झाली. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं, की आमची मंडळी लाल पेन घेऊन बसतात. मार्चचा दुसरा रविवार शोधायचा आणि त्या चौकोनात लिहायचं, "अमेरिकेचं घड्याळ पुढं". नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लिहायचं, "मागं". संकष्टीच्या चंद्रोदयाशेजारीच ते असतं. त्या संध्याकाळी फोनवर तिला जे समजलं नव्हतं, ते मलाही समजलं नव्हतं, हे ती मला कधी बोलून दाखवत नाही. फक्त लिहून झालं, की कॅलेंडर माझ्यापुढं करते आणि म्हणते, "तारीख बरोबर आहे ना, तेवढं यंदाचं विचारून घ्या."

मी दरवर्षी विचारून घेतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)